हग्ज बिल्ड होतो, पण चालताना मध्येच कोसळतो: जुन्या हॅस्केल इंटरप्रिटरचं लिनक्स पॅकेज करताना

लक्षण असं. हग्जचा सप्टेंबर २००६ चा टारबॉल (सोर्स कोडचा गठ्ठा) घेतला, दोन-चार कंपाइलर फ्लॅग घालून बिल्ड कसाबसा पार पडला, प्रॉम्प्ट आला, दोन अधिक दोन चार झाले. मग जरा मोठी यादी मोजायला दिली की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातल्याने प्रोग्रॅम बंद. कधी पहिल्याच फटक्यात, कधी दहाव्यात. डीबगरखाली चालवलं तर बऱ्याचदा पडतच नाही. पॅकेज करणाऱ्याच्या वाट्याला हेच वेगळ्या वेषात येतं: इंटरप्रिटर बिल्ड होतो आणि पुढे लायब्ररी तयार करण्याच्या टप्प्यावर मेक (बिल्ड चालवणारं साधन) थांबतं. मग माणूस त्या लायब्ररीचा कोड उकरत बसतो. लायब्ररीत काहीच बिघडलेलं नसतं. ती तयार करायला नुकताच बिल्ड झालेला हग्जच वापरला जातो, आणि कोसळलेला असतो तो.

या लेखात आज्ञा, फ्लॅग आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन रूपातच टाकायची. उदाहरणं डेबियन कुळातली आहेत. फेडोरावर तीच कारणं लागू होतात, पॅकेजिंगची फाइल तेवढी वेगळी.

एक आधीच सांगून ठेवतो. फक्त हॅस्केल शिकायचं असेल तर हे सगळं करू नका, जीएचसीआय (जीएचसी या हॅस्केल कंपाइलरचा प्रॉम्प्ट) टाका. हग्ज हॅस्केल ९८ आणि त्या काळातल्या काही विस्तारांपाशी थांबलेला आहे. तो हवा असतो जुन्या अभ्यासक्रमाची उदाहरणं जशीच्या तशी चालवायला, अगदी थोड्या मेमरीच्या मशीनवर, किंवा कोड वाचून इंटरप्रिटर आतून कसा असतो ते बघायला. यातलं काही कारण असेल तर पुढे वाचा.

आधी कॉन्फिगर तपासा, क्रॅश नंतर

इथेच बहुतेकांचा क्रम चुकतो. क्रॅश दिसतो म्हणून डीबगर उघडला जातो, आणि खरी चूक मात्र अर्धा तास आधी, काहीही न बोलता होऊन गेलेली असते.

टारबॉलमधली कॉन्फिगर स्क्रिप्ट ऑटोकॉन्फ या साधनाच्या त्या काळच्या आवृत्तीने तयार केलेली आहे. एखादं फंक्शन सिस्टिममध्ये आहे का हे ती कशी ठरवते? चार ओळींचा सी प्रोग्रॅम लिहून कंपाइल करून बघते. त्या चार ओळींत मेनचा परतीचा प्रकार लिहिलेला नसतो, एक्झिटचं हेडर घेतलेलं नसतं. तेव्हाच्या कंपाइलरला ते चालायचं. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ या सी कंपाइलरला चालत नाही: जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं ही तिथे सूचना नसून चूक आहे. मॅकवर एक्सकोड १२ पासून, म्हणजे २०२० पासूनच हे असं आहे. चाचणीचा प्रोग्रॅम कंपाइल होत नाही, कॉन्फिगर त्यातून 'हे फंक्शन या सिस्टिमवर नाही' असा निष्कर्ष काढते आणि पुढे जाते. शेवटी स्क्रिप्ट यशस्वी. पण या चाचण्यांचा निकाल ज्या फाइलमध्ये लिहिला जातो त्या कॉन्फिग.एच मध्ये जे असायला हवं ते निम्मं गायब.

तपासणी सोपी आहे. कॉन्फिग.लॉग उघडा आणि 'इम्प्लिसिट' हा शब्द शोधा. चाचण्यांमध्ये तो 'एरर' या शब्दासोबत दिसला तर त्या कॉन्फिग.एच वर पुढचं काहीही उभं करू नका. दुसरी खूण म्हणजे कॉन्फिग.एच मधला इंटिजर पॉइंटरचा आकार. ६४ बिट मशीनवर तो ८ असायला हवा. ० किंवा ४ दिसला तर तिथेच थांबा. सगळ्यात खात्रीचा उपाय थोडा कंटाळवाणा आहे: उबुंटू २०.०४ चा कंटेनर घ्या, त्यात जीसीसी ९ असतो. तिथे फक्त कॉन्फिगर चालवा आणि दोन्ही कॉन्फिग.एच डिफला लावा. आजच्या बाजूला जी ओळ कमी आहे ती का कमी आहे याचं उत्तर प्रत्येक वेळी कॉन्फिग.लॉगमध्ये सापडतं.

उपाय एकच, कॉन्फिगरला जुनी बोली द्यायची: सीफ्लॅग्जमध्ये, म्हणजे कंपाइलरला द्यायच्या फ्लॅगच्या यादीत, `-एसटीडी=ग्नू८९ -एफकॉमन`. सी८९ नको, ग्नू८९ च. शुद्ध सी८९ घेतलं की सिस्टिम हेडरमधली पॉझिक्स फंक्शनं झाकली जातात आणि नवीनच गोंधळ सुरू होतो. एफकॉमन लागतो कारण जीसीसी १० पासून, म्हणजे २०२० पासून, एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींत नुसतं मांडलेलं असेल तर कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून अडतो. त्याआधी असे डबल उल्लेख मुकाट्याने एकत्र केले जायचे.

एआरएम मशीनवर याच्याही आधी एक थांबा आहे. कॉन्फिग.गेस आणि कॉन्फिग.सब या दोन फाइली २००६ च्या आहेत, त्यांना ६४ बिट एआरएम हे नावच माहीत नाही. 'बिल्ड टाइप ओळखता येत नाही' असं म्हणून स्क्रिप्ट बंद पडते. ऑटोटूल्स-डेव्ह पॅकेज टाका, `/यूएसआर/शेअर/मिस्क` मधून त्याच नावाच्या दोन फाइली टारबॉलमधल्या फाइलींवर कॉपी करा. विषय संपला.

ज्या फ्लॅगने बिल्ड झाला, त्याच फ्लॅगने क्रॅश झाकला

आता मुख्य मुद्दा. `-एसटीडी=ग्नू८९` कॉन्फिगरसाठी बरोबर आहे, पण तोच फ्लॅग हग्जचा स्वतःचा कोड कंपाइल करताना निमूटपणे लावून टाकणं हे या कोसळण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. ग्नू८९ मध्ये जाहीर न केलेलं फंक्शन वापरणं कायदेशीर असतं, आणि `-डब्ल्यूऑल` दिला नसेल तर कंपाइलर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणजे जीसीसी १४ जे ओरडून सांगत होता त्याचं तोंड आपणच बंद केलं.

नुकसान होतं ते असं. जाहीर न केलेलं फंक्शन इंटिजर परत करतं, असं जुन्या नियमाने धरलं जातं. इंटिजर ३२ बिटांचा, पॉइंटर ६४ बिटांचा. गेटएन्व्हसारख्या फंक्शनने परत केलेला पत्ता अर्धा कापला जातो, वरचे ३२ बिट टाकून दिले जातात. उरलेल्या अर्ध्या पत्त्यावर वाचायला गेलं की सेगमेंटेशन फॉल्ट. मॅलॉक, एसटीआरलेन अशी काही फंक्शनं जीसीसीला उपजतच माहीत असतात, त्यांचा प्रकार तो बरोबर धरतो. त्यामुळे बराच कोड चालतो, आणि एखाद्याच वाटेवर पाय घसरतो.

मग 'पाच वर्षांपूर्वी हाच सोर्स चालत होता' असं लोक म्हणतात, ते खोटं नाही. पूर्वी प्रोग्रॅम मेमरीत ठरलेल्या खालच्या पत्त्यावर बसायचा आणि त्याचा हीप (चालताना मागून घेतलेली मेमरी) त्याच्या लगेच वर. तिथले पत्ते ३२ बिटांत मावत असल्याने वरचा भाग कापला तरी काही हरवत नव्हतं. डेबियनने २०१७ च्या आवृत्ती ९ पासून आणि उबुंटूने १६.१० पासून प्रत्येक प्रोग्रॅम पीआयई पद्धतीने, म्हणजे कुठेही बसू शकेल असा, बनवायला सुरुवात केली. आता पत्ता बारा हेक्स आकड्यांचा असतो, बहुधा ५५ किंवा ५६ ने सुरू होणारा. कापला की गेला. मॅकवर ६४ बिट प्रोग्रॅमचे पहिले ४ जीबी मुद्दाम बंद ठेवलेले असतात, त्यामुळे तिथे ही चूक कधीच लपली नाही. ॲपलच्या एआरएम मशीनवर आणखी एक फटका बसतो: प्रिंटएफसारख्या, कितीही आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनना आर्ग्युमेंट देण्याची तिथली रीत वेगळी आहे. हग्जने स्वतः लिहिलेलं असं फंक्शन जाहीर न करता वापरलं तर त्याच्या हाती पडतं ते भलतंच.

निदानासाठी एकदा `-नो-पीआयई` लावून बिल्ड करा. क्रॅश गेला किंवा विरळ झाला तर संशय पक्का. पण ते औषध म्हणून पॅकेजमध्ये ठेवू नका. स्टॅकवरचे पत्ते तरीही उंचावरच असतात, आणि एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल नेमकी तिथेच ठेवलेली असतात.

खरा उपाय दोन पायऱ्यांत आहे. कॉन्फिगरला एक सीफ्लॅग्ज, मेकला दुसरे. मेकच्या वेळी ग्नू८९ आणि एफकॉमन राहू द्या, त्यात `-डब्ल्यूएरर=इम्प्लिसिट-फंक्शन-डिक्लरेशन` मिळवा. हा फ्लॅग कॉन्फिगरला दिला तर वर सांगितलेली सगळी रड पुन्हा सुरू, म्हणून फक्त मेकला. आज्ञेच्या ओळीवर सीफ्लॅग्ज दिले की मेकफाइलमधली ओळ पूर्ण बाजूला सारली जाते, तेव्हा आधी तयार झालेली मेकफाइल उघडून तिथे काय लिहिलंय ते बघा आणि तेही सोबत घ्या. आता मेक जिथे जिथे अडेल तिथे तिथे हेडर घाला: एसटीडीलिब, स्ट्रिंग, युनिस्टडी, सीटाइप, टाइम. बहुतेक दुरुस्त्या एका ओळीच्या असतात. हेडर घालूनही फंक्शन सापडत नसेल तर ते ग्नूचं खास असण्याची शक्यता आहे. फाइलच्या अगदी वर, पहिल्या इन्क्लूडच्या आधी, `_ग्नू_सोर्स` हा मॅक्रो लागतो; खाली लिहिला तर उपयोग शून्य.

हे काम कंटाळवाणं आहे म्हणून `-एफपर्मिसिव्ह` टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. जीसीसी १४ मध्ये त्या फ्लॅगने त्या चुकीचं पुन्हा नुसत्या सूचनेत रूपांतर होतं आणि बिल्ड पुढे सरकतो. पत्ता कापला जायचा तो जातोच.

तरीही पडतो: आता गार्बेज कलेक्टर

वरचं सगळं नीट केलं आणि तरी मोठ्या हिशेबावर क्रॅश येतो, तर वळा स्टोरेज.सी कडे. गार्बेज कलेक्टर, म्हणजे न लागणारी मेमरी परत मिळवणारा भाग, तिथेच आहे. इथे हग्जची रचना समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हग्जचा सगळा डेटा सेल नावाच्या जोड्यांत असतो. मोकळे सेल संपले की कलेक्टर चालतो: जे सेल अजून वापरात आहेत त्यांवर खूण करतो, बाकीचे परत मोकळ्या यादीत टाकतो. वापरात काय आहे हे त्याला कसं कळतं? इंटरप्रिटरच्या स्वतःच्या स्टॅकवरून तर कळतंच, पण सी भाषेचा स्टॅकही तो झाडून बघतो. कारण एखाद्या सी फंक्शनच्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये सेल धरलेला असू शकतो. मेन सुरू होताना त्याला मिळालेल्या आर्गसी या आर्ग्युमेंटचा पत्ता 'स्टॅकचा पाया' म्हणून लिहून ठेवला जातो. कलेक्शनच्या वेळी सेटजंप बोलावून रजिस्टरमधल्या किमती स्टॅकवर उतरवल्या जातात. मग आत्ताच्या टोकापासून पायापर्यंत शब्द न् शब्द तपासला जातो आणि सेलसारखं दिसेल त्यावर खूण होते.

१९९० च्या दशकात ही युक्ती चोख होती. तिच्यामागे तीन गृहीतं आहेत, आणि आजचा कंपाइलर तिन्ही मोडू शकतो.

पहिलं, मेनच्या वर काही नाही. एकदाच बोलावलेलं स्टॅटिक फंक्शन जीसीसी बोलावणाऱ्याच्या पोटातच घालतो, तेही `-ओ१` पासूनच. मेनने बोलावलेला इंटरप्रिटरचा मुख्य भाग असा मेनच्या फ्रेममध्ये (स्टॅकवरच्या त्याच्या जागेत) विरघळला तर त्याची व्हेरिएबल आर्गसीच्या वरच्या पत्त्यावर जाऊन बसू शकतात. पाय्याच्या पलीकडे म्हणजे झाडूच्या पलीकडे.

दुसरं, टोक खरंच टोकाला आहे. स्टॅक झाडणारं फंक्शन कलेक्टरच्या मुख्य फंक्शनमध्ये विरघळलं की टोक म्हणून घेतलेलं व्हेरिएबल आणि सेटजंपने भरलेला बफर एकाच फ्रेममध्ये येतात. बफर खालच्या बाजूला बसला तर तो झाडण्यात येतच नाही. रजिस्टरमधले सेल अनाथ.

तिसरं, सेटजंप किमती जशाच्या तशा ठेवतो. ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) x८६-६४ वर तीन रजिस्टर मुद्दाम गुंतवून ठेवतो, सुरक्षेसाठी: स्टॅक पॉइंटर, परतीचा पत्ता आणि आरबीपी. पहिल्या दोघांशी आपल्याला घेणं-देणं नाही. पण फ्रेम पॉइंटर वगळून ऑप्टिमाइझ केलं की आरबीपी साधं कामाचं रजिस्टर होतं आणि त्यात सेल असू शकतो. बफरमध्ये तो ओळखू न येणाऱ्या रूपात पडतो, कलेक्टर तो सेल मोकळा समजतो, पुढच्या क्षणी तिथे दुसरंच काही लिहिलं जातं. क्रॅश मात्र तिथे होत नाही. तो होतो नंतर केव्हातरी, दुसरीकडेच. म्हणून बॅकट्रेस बघून काही हाती लागत नाही.

उबुंटू २४.०४ आणि फेडोरा ३८ पासून पॅकेज फ्रेम पॉइंटरसह बनवले जातात. तोच सोर्स एका डिस्ट्रोवर पडतो आणि दुसऱ्यावर पडत नाही, त्यामागे हे एक कारण असू शकतं.

यासाठी मेकच्या सीफ्लॅग्जमध्ये हे लावा: `-ओ१ -एफनो-इनलाइन -एफनो-ओमिट-फ्रेम-पॉइंटर -एफनो-स्ट्रिक्ट-एलियासिंग -एफरॅपव्ही`. शेवटचे दोन कलेक्टरसाठी नाहीत. सेल आणि पॉइंटर यांची मोकळी अदलाबदल करणाऱ्या आणि इंटिजर ओव्हरफ्लो गुंडाळला जाईल असं धरून चालणाऱ्या जुन्या सी कोडला ते साधारणपणे लागतातच. एलटीओ, म्हणजे लिंक करतानाचं ऑप्टिमायझेशन, पूर्ण बंद, `-एफनो-एलटीओ`. तो चालू असेल तर वेगवेगळ्या फाइलींतली फंक्शनंही एकमेकांत विरघळतात, आणि फेडोरा ३३ पासून तो पॅकेजमध्ये आपोआप चालू असतो. वेग थोडा कमी होईल. होऊ द्या, वेगासाठी हग्ज कोणी घेत नाही.

नुसतं `-ओ०` लावलं तरी क्रॅश बहुधा जातो. घाईच्या वेळी ठीक, पण डेबियनचे फोर्टिफाय (मेमरीच्या चुका पकडणारे) फ्लॅग ऑप्टिमायझेशनशिवाय काम करत नाहीत आणि प्रत्येक फाइलला सूचना ओतत राहतात.

खरंच गेला का, ते कसं कळणार

चालवून बघितलं, पडला नाही, याला अर्थ नाही. हग्जचा हीप, म्हणजे त्याचा सेलचा साठा, मोठा असेल तर कलेक्टर चाललाच नसेल. 'हीप वाढवला की क्रॅश जातो' हा सल्ला याच कारणाने फिरत राहतो. त्याने रोग बरा होत नाही, फक्त पुढे ढकलला जातो.

उलट करा. हीप मुद्दाम लहान ठेवा. `हग्ज -एच२५००००` पासून सुरुवात करा, हा आकडा सेलचा आहे, बाइटचा नाही. प्रील्यूडच (हॅस्केलची मूळ लायब्ररी) मावला नाही तर थोडा वाढवा. प्रॉम्प्टवर `:सेट +जी` दिलं की प्रत्येक कलेक्शननंतर किती सेल परत मिळाले ते छापलं जातं, म्हणजे कलेक्टर खरंच चालतोय हे डोळ्यांनी दिसतं. मग हे द्या:

`लेंग्थ [(एक्स, वाय) | एक्स <- [१..२०००], वाय <- [१..५००]]`

उत्तर १०००००० यायला हवं. हेच एका फाइलमध्ये घालून रनहग्जने, म्हणजे प्रॉम्प्टशिवाय फाइल चालवणाऱ्या आज्ञेने, चालवा, शेलच्या लूपमध्ये ५० वेळा, आणि प्रत्येक फेरीला हीप बदलत: अडीच लाख, तीन लाख, पाच लाख, दहा लाख. हीप बदलला की कलेक्शन वेगळ्या क्षणी घडतं, वेगळ्या फंक्शनच्या मधोमध, आणि नेमकं तेच तपासायचंय. ५० पैकी एकदा जरी पडला तरी तो बिघडलेलाच.

क्रॅश पकडून ठेवायचा असेल तर मेमरीतल्या जागा दरवेळी बदलणं बंद करा: `सेटआर्च -आर` च्या मागे हग्जची आज्ञा लावा. जीडीबी हे स्वतःहून बंद करतो, आणि क्रॅश डीबगरखाली लपतो त्यामागे बरेचदा एवढंच असतं. जीडीबीच्या आत `सेट डिसेबल-रँडमायझेशन ऑफ` दिलं की तिथेही पडायला लागतो.

एक खोटा आरोपी बाजूला काढायला हवा. `फोल्डआर (+) ० [१..१००००००]` दिल्यावर 'कंट्रोल स्टॅक ओव्हरफ्लो' असा संदेश आला तर तो हग्जचा दोष नाही, लिहिणाऱ्याचा आहे. दहा लाख बेरजा मागे लटकत ठेवल्या आहेत. तिथे हग्ज व्यवस्थित संदेश देऊन प्रॉम्प्टवर परत येतो. पण संदेशाशिवाय सेगमेंटेशन फॉल्ट आला, तोही खोल गुंतलेल्या, न सोडवलेल्या हिशेबावर, तर कलेक्टरची खूण करण्याची पद्धत बघा. जोडीच्या एका बाजूला तो लूपने जातो, दुसऱ्या बाजूला स्वतःलाच पुन्हा बोलावतो. डावीकडे खूप खोल गेलेली रचना असेल तर सीचा स्टॅकच संपतो. `युलिमिट -एस ६५५३६` करून, म्हणजे ८ एमबीच्या जागी ६४ एमबी देऊन, पुन्हा चालवा. क्रॅश गेला तर ही स्टॅकच्या खोलीची गोष्ट आहे, वरचे फ्लॅग बदलून काही होणार नाही. नाही गेला तर परत मागच्या भागात.

पॅकेजमध्ये उतरवताना

डेबियनच्या रूल्स फाइलमध्ये डीएच (पॅकेज बांधण्याचे टप्पे चालवणारा प्रोग्रॅम) स्वतःहून दोन गोष्टी करतो. कॉन्फिग.गेस नवा घालतो, हे उत्तम. आणि कंपॅट (डीएचची सुसंगतता पातळी) १० पासून ऑटोरिकॉन्फ चालवतो, म्हणजे कॉन्फिगर स्क्रिप्ट नव्याने तयार करतो. इथे ते नको असेल तर `ओव्हरराइड_डीएच_ऑटोरिकॉन्फ:` हे रिकामं टार्गेट लिहा. सगळं नव्या ऑटोकॉन्फवर नेणं हा जास्त चांगला मार्ग आहे हे खरं, पण त्यात कॉन्फिगर.एसी हाताने सुधारावं लागतं. पहिल्या पॅकेजसाठी एवढा घाट घालू नये.

फ्लॅग `डेब_सीफ्लॅग्ज_मेंट_अपेंड` मध्ये टाका. ते डेबियनच्या स्वतःच्या फ्लॅगनंतर जोडले जातात, आणि ओ चे दोन फ्लॅग आले तर शेवटचा जिंकतो, त्यामुळे डेबियनचा `-ओ२` आपोआप हरतो. एलटीओसाठी `डेब_बिल्ड_मेंट_ऑप्शन्स = ऑप्टिमाइझ=-एलटीओ`; उबुंटूवर हा पर्याय दिला नाही तर फरक पडतो. इम्प्लिसिटवाला फ्लॅग फक्त `ओव्हरराइड_डीएच_ऑटो_बिल्ड` मध्ये, वर सांगितलेल्या कारणासाठी. हेडरच्या दुरुस्त्या क्विल्टमध्ये (पॅच सांभाळणारं साधन), पण सगळ्यांचा एक गठ्ठा नको. हेडरचा एक पॅच, मार्गांचा दुसरा. पुढच्या कंपाइलरने पुन्हा घोळ घातला की एकेक पॅच काढून बघता येतो.

लायब्ररी तयार करताना नुकताच बनलेला हग्ज चालवावा लागतो, हे विसरू नका. त्यामुळे इंटेल मशीनवर बसून एआरएमसाठी क्रॉस कंपाइल होत नाही. खरं एआरएम मशीन किंवा त्याचं सोंग घेणारं क्यूईएमयू हवं. काही लायब्ररींसाठी हग्जसोबत येणारा एफएफआयहग्ज हा प्रोग्रॅम सीचे छोटे तुकडे कंपाइल करून .एसओ फाइली बनवतो. त्या यूएसआर/लिब/हग्जच्या आत जातात, म्हणून संपूर्ण पॅकेज 'आर्किटेक्चर: ऑल' करता येणार नाही.

एफएफआयहग्ज वापरकर्त्याच्या मशीनवरही सी कंपाइलर मागतो. जीसीसीला डिपेंड्समध्ये (सक्तीच्या गरजांत) घालू नका, रेकमेंड्स (शिफारस) पुरे. निव्वळ प्रॉम्प्ट वापरणाऱ्याच्या माथी अख्खा कंपाइलर कशाला?

मार्गांची चूक लगेच कळते: इन्स्टॉल केलेला हग्ज 'प्रील्यूड लोड होत नाही' म्हणून बंद होतो. मोड्यूल शोधायचा मार्ग सुरू होतो चालू फोल्डरपासून, मग घरच्या फोल्डरातलं लिब/हग्ज, मग यूएसआर/लोकल, आणि शेवटी हग्जच्या स्वतःच्या फोल्डरातलं पॅकेजेस. हे स्वतःचं फोल्डर कॉन्फिगरच्या वेळी बायनरीत कोरलं जातं, तेव्हा प्रीफिक्स कॉन्फिगरलाच `/यूएसआर` असा द्यायचा आणि तात्पुरत्या फोल्डरसाठी इन्स्टॉलच्या वेळी डेस्टडिर. नंतर `स्ट्रिंग्ज` आज्ञेने बायनरीत बिल्ड फोल्डरचा मार्ग राहिलाय का ते शोधा. राहिला असेल तर तुमच्या मशीनवर सगळं चालेल आणि बाकी कोणाकडेच चालणार नाही. तात्पुरतं भागवायला हग्जडिर हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल आहे. घरच्या फोल्डरात जुन्या हग्जच्या लायब्ररी पडलेल्या असतील तर त्या आधी सापडतात आणि विचित्र चुका देतात, हेही ध्यानात ठेवा.

रनहॅस्केल हे नाव जीएचसीचं पॅकेजही वापरतं. ती फाइल सरळ टाकली तर दोन्ही पॅकेज एकमेकांच्या पायात येतात. अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज वापरा आणि रनहग्जला जीएचसीपेक्षा कमी प्राधान्य द्या. दोन्ही टाकलेल्या माणसाला जीएचसीच अपेक्षित असतो.

प्रॉम्प्टवर वरचा बाण दाबल्यावर वेडेवाकडे कंस उमटत असतील तर रीडलाइनशिवाय बिल्ड झालाय. लिबरीडलाइन-डेव्ह बिल्ड-डिपेंड्समध्ये घाला, कॉन्फिगर पुन्हा चालवा. तोवर `आरएलरॅप हग्ज` ने काम भागतं. `:ई` दिल्यावर संपादक ठरवलेला नाही असं आलं तर एडिटर हे व्हेरिएबल रिकामं आहे.

डेस्कटॉपच्या मेनूत टाकायचं असेल तर .डेस्कटॉप फाइलमध्ये `टर्मिनल=ट्रू` हवंच, नाहीतर क्लिक केल्यावर काहीच होत नाही असं वाटतं. खरं तर तो उघडून लगेच मिटलेला असतो. मेनूतून उघडल्यावर चालू फोल्डर बहुधा घरचं असतं, तेव्हा `:लोड` ला पूर्ण मार्ग द्यावा लागतो. .एचएस फाइलींचा ठरलेला प्रोग्रॅम म्हणून मात्र हग्जची नोंद करू नका. फाइलवर डबल क्लिक करणाऱ्याला ती वाचायची किंवा सुधारायची असते.

मॅकसाठी पॅकेज करणाऱ्यांना एवढंच: एआरएम मॅकवर सही नसलेला प्रोग्रॅम चालतच नाही. लिंकर आपोआप तात्पुरती सही करतो, पण नंतर बायनरीत कुठल्याही साधनाने फेरफार केला की ती मोडू शकते आणि प्रोग्रॅम उघडताच 'किल्ड: ९' येतं. सगळे बदल झाल्यावर शेवटी `कोडसाइन -एफ -एस -` चालवा. ते .एसओ तुकड्यांवरही, फक्त मुख्य बायनरीवर नाही.

राहिलं देवनागरी. हग्जच्या प्रॉम्प्टवर "मराठी" असं टाकलं तर `\२३५०` पासून सुरू होणारे आकडे दिसतात, ते खऱ्या टर्मिनलवर अर्थात इंग्रजी अंकांत. हा बग म्हणून वारंवार नोंदवला जातो, पण तो बग नाही. प्रॉम्प्ट उत्तर शो मधून छापतो, आणि शो आस्कीपलीकडचं प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड क्रमांकाने लिहितो. म चा क्रमांक २३५०. अक्षरं हवी असतील तर पुटएसटीआरएलएन वापरा. त्यानेही अक्षरं उमटली नाहीत तर लोकेल (सिस्टिमची भाषा आणि एन्कोडिंगची निवड) बघा: हग्ज ते एन्कोडिंग लोकेलवरूनच ठरवतो, आणि एलसी_ऑल फक्त 'सी' असेल तर देवनागरीच्या जागी भलतंच येणार. `सी.यूटीएफ-८` करा. आणि "मराठी" ची लेंग्थ ३ नाही, ५ येते: म, र, काना, ठ, वेलांटी. हग्ज बरोबर मोजतोय.